गाठ, आवाळू, अर्बुद : शरीरातील वाढींच्या नावांचा इतिहास

१/ अंगावर किंवा अंगात होणाऱ्या अनैसर्गिक वाढीला मराठीत किती शब्द आहेत? गाठ, गोळा, आवाळू, चामखीळ, गंडमाळ, गलगंड, ग्रंथी, गुल्म, अर्बुद. हे सारे समानार्थी समजले जातात. इतिहास मात्र निराळे सांगतो. त्यासाठी हा धागा.

२/ प्रथम बोली. गळू पिकते आणि फुटते. आवाळू पिकत नाही, सहसा दुखतही नाही. चामखीळ त्वचेवरची. मानेभोवती माळेसारख्या ओळीने गाठी आल्या की गंडमाळ. तिच्यामागे बहुधा क्षय असतो. गळ्यासमोरचा फुगवटा म्हणजे गलगंड. पोटात असेल तो गोळा. जागा, वेदना आणि पू या तीन खुणांवर बोलीने केलेले हे वर्गीकरणच आहे.

३/ शास्त्राची वाटही हीच होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकत्र येतो. अर्बुद कसे? गोल, स्थिर, मोठे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे, न पिकणारे. एका अर्बुदावर दुसरे उद्भवले तर ते अध्यर्बुद. शस्त्रक्रियेत अंश मागे राहिल्यास ते पुन्हा वाढते, असा इशाराही तेथे आहे.

४/ म्हणून अर्बुद म्हणजे कर्करोग असे थेट समीकरण मांडणे योग्य नव्हे. निरुपद्रवी वाढीही त्या शब्दात सामावतात. गंमत अशी की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद ही संख्या आहे : कोटीच्या दसपट, म्हणजे दहा कोटी.

५/ ‘कर्करोग’ या शब्दाचा प्रवास ग्रीसपासून सुरू होतो. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत अशा व्याधीला ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, म्हटले गेले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा गेलनला खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या. लॅटिनमध्ये तोच ‘कॅन्सर’ झाला. संस्कृतात कर्क म्हणजे खेकडाच. त्यामुळे मराठी प्रतिशब्द सहज घडला.

६/ पण महाराष्ट्राच्या स्मरणात ‘गाठ’ या शब्दाला भीतीची धार आणली ती प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. काखेत आणि जांघेत गाठी येत, म्हणून लोक त्याला ‘गाठीचा ताप’ म्हणू लागले. लिखित मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ हे नाव आले.

७/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात गोरे सैनिक घरांत शिरून गाठी शोधू लागले. स्त्रियांच्या अंगाची तपासणी लोकांना असह्य झाली. रोगापेक्षा तपासणीचे भय मोठे ठरले आणि घरोघरी रुग्ण लपवले जाऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला, त्यामागे हाच संताप होता.

८/ पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि भाषेत एक नवा पर्याय रुजला. ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा समजून जातो. रोगाचे नाव उच्चारावेच लागत नाही.

९/ आमच्या किहीमच्या बाजूलाही हेच ऐकू येते. मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला निघालेल्या माणसाविषयी ‘टाटाला’ हा एक शब्द पुरतो. त्यात माया असते, रुग्णाला जपण्याची इच्छा असते. मात्र याच मौनामुळे एखादी बाई स्तनातली न दुखणारी गाठ कित्येक महिने कोणाला सांगत नाही. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ हे वाक्य घातक ठरू शकते.

१०/ याच्या उलट वाट बार्शीने दाखवली. १९८७ मध्ये तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि रुग्ण शोधले. १८९७ च्या पुण्यातही घरोघर शोध होता, पण तेथे विश्वास नव्हता. बार्शीत सुरुवातच संवादाने झाली.

११/ सुश्रुताने न पिकणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या गाठीला वेगळे नाव दिले, कारण तिची चिकित्सा वेगळी होती. नाव देणे ही उपचाराची पहिली पायरी होती. आजही तशीच आहे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ती कशाची आहे हे तपासणीनेच कळते. तेव्हा घरात कोणी दबक्या आवाजात ‘गाठ’ म्हणाले, तर पुढचा प्रश्न जरूर विचारा : डॉक्टरांना दाखवली का?