शेणात घोळलेली सरकी

पाकिटातलं बियाणं येण्याआधी आमच्या कळंब तालुक्यात मृग लागला की घरोघरी सरकी घोळत. कापसातून सरकी काढायच्या रेच्यातून निघालेल्या दाण्यावर लव राहते. दाणे एकमेकांत गुंततात, पेरायच्या सरत्यातून एकेक सुटत नाहीत. आजी पातळ शेण आणि राख लावून ती बाजेच्या सुंभावर खसाखसा घासायची, मग सावलीत पसरायची. लव बसायची, दाणा मोकळा व्हायचा, वर थोडी ओलही आत शिरायची.

ही रीत फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या प्रकरणात कठीण बियांना शेण माखायला सांगितलंय. तिथे सरकीच अभिप्रेत असल्याचं मानतात. धान्याच्या बियांना तर दव आणि ऊन, सात रात्रींपर्यंत. अशा बेताच्या ओलीचा उपयोग प्रयोगातही दिसला: 1973 साली नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हेडेकर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की द्रावणात ठेवून बियाला मोजकंच पाणी पिऊ दिलं तर ते पुढे लवकर उगवतं. हेच प्रायमिंग. कोंब फुटायच्या आधीची तयारी होऊ द्यायची आणि तिथेच थांबवायचं. कसब थांबवण्यात आहे.

घोळणं मोडलं ते संकरित वाणांनी. 1970 साली सुरतेहून एच-4 आला, बी महाग झालं, सरत्याऐवजी टोबणी आली. 2002 नंतर बीटी: आम्लानं लव काढलेला, रंगीत औषध चोपडलेला दाणा. त्याला शेण नको, आणि भिजवलं तर औषधच धुऊन जातं.

कपाशीत ही रीत राहिली नाही, पण बी ओलवून पेरणं मी झेंडूत चालू ठेवलंय. मी दसऱ्यासाठी झेंडूची रोपं करते. शेजारणी सवयीनं कपाशीच्या मापानं, बोटाची दोन पेरं बी दाबतात. सरकी चार-पाच सेंटीमीटरवरून माती डोक्यावर घेऊन वर येते. झेंडूच्या बारीक बियात ते बळ कुठलं? त्यात आमची काळी माती सरीनंतर ऊन पडलं की वर पापुद्रा धरते, कोंब खालीच वाकतो. म्हणून गादीवाफ्यावर अर्ध्या सेंटीमीटरची रेघ, आणि वर माती नव्हे, चाळलेलं शेणखत. घरचं बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवते, सावलीत सुकवते, लगेच पेरते.

वाफा एकदम उगवला तर लागण एका दिवशी होते. मागं राहिलेली रोपं दसऱ्यानंतर फुलतात, आणि त्या झेंडूला मग दिवाळीपर्यंत बाजारात कोणी विचारत नाही.