पणजी : मांडवीच्या कलाने पाहायचे शहर

गोव्यात येणाऱ्या पर्यटकाचा पणजीशी संबंध बहुधा दोनदाच येतो. एकदा कळंगुट-बागाकडे जाताना कदंब बसस्थानकावर आणि दुसऱ्यांदा संध्याकाळी मांडवीतील जलसफरीच्या रांगेत. राज्याची राजधानी असलेले हे शहर त्याला दिसते ते पुलावरून, तेही धावत्या गाडीच्या खिडकीतून. वास्तविक पणजी हे किमान दोन दिवस देण्याजोगे, आणि तेही पायी व फेरीबोटीने हिंडण्याजोगे शहर आहे. पाहुणा घरी आला की पणजीकर त्याला जिथे नेतात, ज्या वेळी नेतात आणि जे करू नको म्हणून बजावतात, त्याचा हा आढावा.

राजधानी नदीकाठी कशी आली

पोर्तुगीजांची पहिली राजधानी पणजी नव्हे, तर मांडवीच्या काठीच, सुमारे दहा किलोमीटर आत असलेले जुने गोवे. साथीच्या रोगांनी ते वैभवशाली शहर हळूहळू ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' या नावाने पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाला. राजधानी मात्र पणजीच राहिली. विधानसभा २००० मध्ये नदीपलीकडे पर्वरीला गेली.

हा इतिहास ध्यानात ठेवला तर शहर वेगळेच दिसू लागते. पणजीतल्या कितीतरी गोष्टी जुन्या गोव्याहून उचलून आणलेल्या आहेत. पणजीच्या प्रसिद्ध पांढऱ्या चर्चमधली मोठी घंटा ही तिथल्या सेंट ऑगस्टीन मठाची. १८७१ मध्ये ती इथे बसवण्यात आली. फोंतेन्यासमधल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस एके काळी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. एक शहर दुसऱ्या शहराच्या अवशेषांतून उभे राहिले, आणि या दोहोंना जोडणारी वाट होती ती मांडवीची. म्हणूनच पणजी पाहायची तर नदी धरून पाहावी, असे जाणकार सांगतात.

पहिला दिवस : शहर पायी

सुरुवात नदीकाठच्या आदिलशाही राजवाड्यापासून करावी. युसूफ आदिलशहाचे हे मूळचे उन्हाळी निवासस्थान पुढे व्हाइसरॉयचा वाडा झाले आणि मुक्तीनंतर सचिवालय. वाड्याला लागूनच आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळी येथे जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनशास्त्राचा पाया घालण्यात मोलाचा वाटा उचलला. झोपेच्या अधीन होत असलेली स्त्री आणि तिच्यावर हात पसरून उभे असलेले फारिया, असे हे शिल्प रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचे असून १९४५ मध्ये ते उभारले गेले. अलेक्झांडर द्यूमाच्या 'द काउंट ऑफ माँते क्रिस्टो' या कादंबरीतले फारियाचे पात्र याच गोमंतकीयावरून सुचलेले आहे.

पुढे आझाद मैदानाजवळ इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था लागते. तिच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर कामोंइश या कवीच्या महाकाव्यातील प्रसंग रंगवलेले आहेत. बहुतेक पर्यटक या दारावरून न थांबता पुढे जातात. पणजीकर मात्र पाहुण्याला इथे आवर्जून नेतात, कारण दहा मिनिटांत पाहून होणारे आणि दीर्घकाळ लक्षात राहणारे असे हे ठिकाण आहे.

तिथून मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्या गाठाव्यात. १५४१ मध्ये इथे लहानसे चॅपेल होते. समुद्रमार्गे येणारे खलाशी किनाऱ्याला लागल्यावर आधी इथे येऊन आभार मानत. ८ डिसेंबरला भरणारे इथले फेस्त म्हणजे अवघ्या पणजीचा उत्सव. चर्चपासून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचे देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पोर्तुगीज अमलातच ते उभे राहिले. चर्च आणि देऊळ एकाच फेरीत पाहिल्याशिवाय पणजीचा स्वभाव कळत नाही.

दुपारी एकनंतर मात्र घाई करू नये. या शहरात दुपारची विश्रांती अजूनही मानली जाते. अनेक जुनी दुकाने एक ते साडेतीन-चारपर्यंत बंद असतात. दुकानाचे दार वाजवून 'उघडता का' असे विचारणारा माणूस बाहेरचा, हे पणजीकर लगेच ओळखतात. ही वेळ जेवणासाठी आणि सावलीसाठी ठेवावी.

संध्याकाळी कांपालच्या झाडांखालून कला अकादमीपर्यंत चालत जावे. चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेली ही वास्तू नदीला पाठ न दाखवता नदीकडे उघडते. तिच्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. मराठी नाट्यस्पर्धांची इथे दीर्घ परंपरा आहे. नूतनीकरणासाठी बंद असलेली ही वास्तू २०२३ च्या अखेरीस पुन्हा खुली झाली. एखादा प्रयोग असल्यास तो अवश्य पाहावा. मराठी नाटकावर गोमंतकीयांचे प्रेम किती जुने आहे, ते प्रेक्षागृहात बसल्यावर समजते.

फोंतेन्यास : घरे आहेत, देखावा नव्हे

पणजीचा सर्वाधिक छायाचित्रित भाग म्हणजे फोंतेन्यास. मळा भागातील झऱ्यावरून या वस्तीला नाव पडले. लाल कौले, पिवळ्या-निळ्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडक्या, चिंचोळ्या गल्ल्या आणि दारावरचा मातीचा कोंबडा, हे सारे इथे आहे. पावसाळा सरला की भिंतींना नव्याने रंग द्यायचा, ही इथली जुनी रीत.

पण ही वस्ती म्हणजे संग्रहालय नव्हे. या घरांत माणसे राहतात. समाजमाध्यमांचे पेव फुटल्यापासून इथल्या रहिवाशांचे जिणे अवघड झाले आहे. सकाळी दार उघडावे तर पायरीवर अनोळखी जोडपे छायाचित्रासाठी बसलेले, खिडकीतून कॅमेरा आत डोकावणारा, गल्लीत लग्नापूर्वीच्या चित्रीकरणाचा लवाजमा, असे प्रसंग नित्याचे झाले. 'छायाचित्रे काढू नयेत' असे फलक घरांवर लागले ते या त्रासातूनच. त्यातच काही घरांची अतिथिगृहे आणि उपाहारगृहे झाली आहेत. राहणारेच निघून गेले, तर मागे उरतील त्या केवळ रंगवलेल्या भिंती.

त्यामुळे इथे जाण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर जावे. वाहन बाहेर ठेवून पायी फिरावे. गल्लीचे छायाचित्र घेण्यास कोणी हरकत घेत नाही. मात्र घराच्या पायरीवर, गॅलरीत किंवा अंगणात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आवाज बेताचा ठेवावा. गल्लीतल्या बेकरीतून पाव किंवा बिबिंका विकत घ्यावी. येणाऱ्याचा चार पैशांचा उपयोग वस्तीला झाला, तर तिलाही पाहुणा जड वाटत नाही.

दुसरा दिवस : बांध, फेरी आणि बेटे

पाटोहून रायबंदरकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे सुमारे तीन किलोमीटरचा जुना बांध. १६३३-३४ च्या सुमारास काउंट लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत तो दलदलीतून बांधला गेला. आजही त्यावरून वाहतूक चालते. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरांचा सखल पट्टा. सकाळी या रस्त्याने जाताना बगळ्यांचे थवे हमखास दिसतात.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर जाता येते. उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे असले, तरी खारफुटीचे असे दाट जंगल राजधानीच्या इतके जवळ क्वचितच सापडेल. खंड्या, बगळे, ढोकरी आणि चिखलात उड्या मारणारे मासे पाहायचे तर पहाटे जावे आणि भरतीची वेळ आधी विचारून ठेवावी. होडी आतल्या खाड्यांत शिरते ती भरतीच्या पाण्यावरच.

फेरीबोट ही इथे गंमत नव्हे, गरज आहे. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये झाला आणि १९८६ मध्ये कोसळला. तेव्हा फेरीबोटींनीच दोन्ही काठांचा संसार तारून नेला. आज नदीवर २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतूही आहे, तरीही बेटांवरचा माणूस फेरीच्या वेळांवर आपला दिवस आखतो. पर्यटकांनी बोटीत चढताना आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी आणि घाईच्या वेळी, म्हणजे सकाळी नऊच्या व सायंकाळी सहाच्या सुमारास, चारचाकी नेण्याचे टाळावे, असे बेटवासीयांचे सांगणे असते.

जुने गोवे आणि सप्तकोटेश्वर

रायबंदरहून पुढे जुने गोवे. १९८६ मध्ये युनेस्कोने इथल्या चर्चेसना जागतिक वारशाचा दर्जा दिला. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. दर दहा वर्षांनी होणारा त्यांचा दर्शनसोहळा यापूर्वी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. समोरचे से कॅथेड्रल एका मनोऱ्याचे आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. येथपर्यंत सर्वच येतात. मात्र टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या उद्ध्वस्त मनोऱ्यापर्यंत थोडेच चढतात. पणजीच्या चर्चमधली घंटा ऐकून आलेल्याने तिचे हे मूळ घर पाहायला हवे. ही प्रार्थनास्थळे असल्याने अंगभर कपडे घालावेत आणि प्रार्थना चालू असताना बोलणे टाळावे.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दुसरी फेरी दिवाडी बेटावर जाते. भातशेती, टेकडीवरचे पिएदाद चर्च आणि शांत रस्ते असलेले हे बेट सायकलवरून पाहण्यासारखे आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे 'बोंदेराम' हा झेंड्यांचा उत्सव भरतो. वाड्यावाड्यांतल्या हद्दीच्या जुन्या भांडणांची आठवण आता मिरवणुकीपुरती उरली आहे.

मराठी वाचकाला या बेटाची आणखी एक ओळख असायला हवी. कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ मूळचे याच बेटावर होते. पोर्तुगीज अमलात ते पाडले गेले. भाविकांनी लिंग नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातील नार्वे इथे नेले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला आणि त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. अलीकडच्या संवर्धनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये हे देऊळ पुन्हा खुले झाले. दिवाडीच्या दुसऱ्या टोकावरून नार्वेला फेरी आहे. देव ज्या पाण्यावरून गेला, त्याच पाण्यावरून तिथे पोचता येते. रस्त्याने वळसा घालून जाणाऱ्याला हा अनुभव मिळत नाही.

खाणेपिणे

पणजीकराची न्याहारी म्हणजे पातळ भाजी-पाव, सोबत मिरची भजी किंवा गोडसर बन. बाजाराच्या आसपासच्या जुन्या उपाहारगृहांत ती सकाळी लवकर मिळते. उशिरा गेल्यास भाजी संपलेली असते. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाचे हुमण. शाकाहारींसाठी खतखते आणि सोलकढी आहेच. संध्याकाळी हातगाडीवरचे रस-ऑम्लेट खावे. कोंड्याची 'पोई' बेकरीतून ताजी घ्यावी. शुक्रवार असेल तर तेरा किलोमीटरवरच्या म्हापशाच्या बाजाराला पहाटेच निघावे. मोयड्याची मोठी केळी, चोरीस, सुके मासे आणि मातीची भांडी यांचा तो बाजार अजूनही आधी गावकऱ्यांचा आहे, नंतर पर्यटकांचा.

केव्हा आणि कसे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. मात्र डिसेंबरचा अखेरचा आठवडा गर्दीचा आणि महागडा असतो. नोव्हेंबरात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. पावसाळ्यात समुद्रस्नान वर्ज्य असले, तरी बेटे सर्वांत हिरवी तेव्हाच असतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना जुन्या गोव्याजवळचे करमळी स्थानक सोयीचे पडते. विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि २०२३ च्या आरंभी सुरू झालेला मोपा. तिकीट काढताना नाव नीट पाहावे, कारण एक पणजीच्या दक्षिणेला तर दुसरा उत्तर टोकाला आहे. शहरात स्वतःची गाडी ओझेच ठरते. वाहनतळ शोधण्यात जाणाऱ्या वेळात अर्धी पणजी चालून होते.

एका दिवसात सगळे उरकण्याचा आग्रह मात्र सोडावा. समोरच्या काठावरची बोट सुटून इकडे येईपर्यंत इथे कोणालाच काही करता येत नाही. धक्क्यावरच्या सावलीत तेवढा वेळ स्वस्थ बसून राहणे ज्याला जमले, त्याला पणजी पाहता आली असे समजावे.