‘जस्ट इमॅजिन’ : दृश्य आणि नाद यांतील अंतर

फॉक्स संस्थेचा ‘जस्ट इमॅजिन’ (१९३०) हा विज्ञानकल्पनेवर आधारलेला हॉलिवूडचा आरंभीचा संगीतपट होय. डेव्हिड बटलर यांच्या या चित्रपटात १९८० सालचे न्यूयॉर्क कल्पिले आहे. स्टीफन गूसन आणि राल्फ हॅमेरास यांनी लष्कराच्या एका जुन्या बलूनगृहात त्या नगरीची विस्तीर्ण प्रतिकृती उभारली. गगनचुंबी इमारती आणि आकाशयानांच्या वाटा यांच्या त्या रचनेवर ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) छाया स्पष्ट आहे. नादाच्या बाजूस असे नियोजन आढळत नाही. डीसिल्व्हा, ब्राउन व हेंडरसन या त्रयीची गीते तत्कालीन ब्रॉडवेच्याच वळणाची आहेत.

भाषेची स्थिती याहून विलक्षण. पात्रांस नावांऐवजी ‘जे-२१’, ‘एलएन-१८’ असे संकेतांक दिले. बोली मात्र १९३०चीच ठेवली. एल ब्रेंडेल यांनी रंगविलेला, १९३० साली मृत झालेला मनुष्य १९८० मध्ये पुन्हा सजीव होतो. अन्नाऐवजी गोळ्या पाहून तो गोंधळतो. लोकांचे बोलणे समजण्यास त्याला यत्किंचितही अडचण येत नाही. पन्नास वर्षांत बोली पालटते, हे पटकथाकारांच्या गावीही नसावे.

पुढे युनिव्हर्सलच्या ‘बक रॉजर्स’ (१९३९) या मालिकापटात या नगरीची दृश्ये पुन्हा योजण्यात आली. गीतांची त्यासाठी गरज भासली नाही.