गिरणगावची बाळे आणि बाळंतपणाचा कायदा

लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ केल्या. पण एखाद्या शहरात जन्मलेल्या मुलांपैकी किती जणांनी पहिला वाढदिवस पाहिला, हे आपल्याला कोणी शिकविले नाही. समाजाची खरी खतावणी तीच होय. आम्ही कामगार चळवळीत वाढलो; वाचायला शिकलो तेही युनियनच्या कचेरीत. त्या खतावणीतील मुंबईच्या गिरणगावाचे एक पान येथे उघडीत आहोत.

1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. हा आकडा काहीसा फुगलेला होता, हे सांगितलेच पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात वा घाटावर जात. मूल तेथे जन्मे आणि आईबरोबर परत आल्यावर मुंबईत मरे. जन्म गावच्या दप्तरी, मृत्यू मुंबईच्या! पण त्याच सालचा घरांच्या आकारावरून मांडलेला हिशेब पाहा. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत हे प्रमाण हजारी 828, दोन खोल्यांत 322, तीन खोल्यांत 191, आणि चार वा अधिक खोल्यांत 133. एकखोलीवाल्यांचा आकडा नोंदीच्या दोषामुळे सर्वांत जास्त फुगला असेल, म्हणून तो बाजूला ठेवू. तरी दोन खोल्यांतले मूल चार खोल्यांतल्या मुलाच्या दुपटीहून अधिक प्रमाणात मरत होते, त्याचे काय?

शहाण्या माणसांचे उत्तर तयार होते : आया अडाणी, मुलांना अफू चारतात. अफू चारीत हे खरेच. मजूर स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने 1922 साली डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाई नेमल्या. या स्त्रियांच्या शंभरांतील 98 अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. पण ती का दिली जाई? कायद्याने दिवस अकरा तासांचा. आई वाइंडिंग किंवा रीलिंग खात्यात, घरी सांभाळायला कोणी नाही. मूल निजून राहिले तरच रोज पदरात पडे. मात्र निजलेले मूल दूधही मागत नाही. ते वाळत जाई आणि पहिल्या जुलाबातच हातचे जाई.

शिवाय खोट जन्माआधीच सुरू होई. दिवस भरत आले तरी बाई उभ्याने काम करी, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. आजचे वैद्यक सांगते की, अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला धोका अधिक. आईच्या अंगात रक्त कमी असणे, कोवळ्या वयातले बाळंतपण आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे ही त्याची प्रमुख कारणे. विसावा आणि अन्न आईला मिळाले पाहिजे, तेव्हा ते बाळाला लाभते. मग प्रश्न उरतो एकच : त्या विसाव्याचे पैसे कोणी द्यायचे?

1919 साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा ठराव केला. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. तोवर मालकाने तो सोसणेही त्यांना मान्य होते. 1929 साली कायदा झाला आणि बाळंतिणीला रोजचे आठ आणे मिळू लागले.

पण भार एकेका गिरणीवर पडला. बाई ठेवणे म्हणजे खर्च, असा मालकांचा हिशेब झाला. यंत्रे बदलली, रात्रपाळ्या वाढल्या, आणि गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. 1948 च्या राज्य विमा कायद्याने वर्गणीचा सामाईक निधी उभारला, तेव्हा कोठे बाबासाहेबांच्या म्हणण्यातील मर्म थोडेसे अमलात आले.

त्यानंतर 1961 चा केंद्रीय कायदा आला. 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली. बालमृत्यूही पुष्कळ उतरले. 2020 च्या नमुना नोंदणीत देशाचे प्रमाण हजारी 28 आणि महाराष्ट्राचे 16 होते. याचे श्रेय लस, दवाखाना, शिक्षण आणि पाणी यांनाही आहे. परंतु रजेचा हक्क हजेरीपटावर नाव असेल त्या बाईचा. मुकादमाकडून उचल घेऊन फडात उतरणाऱ्या ऊसतोडणीच्या बाईचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. तिला आजही खाड्याचा दंड भरावा लागतो, आणि दिवस भरलेले असतानाही मोळी डोक्यावर घ्यावी लागते. 1928 साली विचारलेला प्रश्न तिच्यापुरता अद्याप सुटलेला नाही. तो सामाईक निधीनेच सुटेल, आणि तो निधी मागणे हे एकट्या तिचे काम नव्हे.