तळटीप : ‘मालाचं विमान’

जिवतीच्या बाजारातल्या गप्पांत इथे आलेले ‘मालाचं विमान’ म्हणजे ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये कोसळलेले एल अल कंपनीचे बोइंग ७४७. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या जोडात पोकळ पोलादी पिना असतात. धातू थकून त्यांतली एक तडकली आणि उजवीकडचे आतले इंजिन निखळले. जाता जाता त्याने शेजारचेही तोडले. पंखाची पुढची कड फाटली. वैमानिकांनी विमान परत वळवले खरे, पण उतरण्यासाठी वेग कमी करताच उजवा पंख भार पेलेना आणि ते बेल्मरमीर वस्तीतल्या इमारतींवर आदळले. ४३ जण गेले. त्यांतले ३९ विमानात नव्हतेच. त्याआधी, २९ डिसेंबर १९९१ रोजी, तैवानात तसेच मालवाहू ७४७ इंजिने सुटून पडले होते, पाच माणसे गेली होती. तरीही त्या जातीच्या पिना उडत्या विमानांत राहिल्या, याची चीड यावी अशीच ही गोष्ट आहे. पुढे बोइंगने जोडाची रचनाच बदलली. आपल्याकडचे जवळचे उदाहरण प्रवासी विमानाचे : १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईत उड्डाण करताच इंजिनातली चकती फुटून इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल पेटले, त्यातले ९५ही जण दगावले.