न्हाणीघरातला तलाव

बालाघाट जिल्ह्यातील लांजी हे गाव आज मध्य प्रदेशात मोडते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर आणि भंडारा हे जिल्हे मुंबई राज्याकडे गेले व बालाघाट मागे राहिला. परंतु वैनगंगेच्या खोऱ्याला ही रेघ ठाऊक नाही. भोसल्यांच्या अमदानीत हा सारा मुलूख नागपूरच्या सत्तेखाली होता, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना आजही तीच भातशेती, तीच बोलींची सरमिसळ आणि तसलेच तलाव दृष्टीस पडतात. या तलावांपासूनच मी आज आरंभ करणार आहे. माझा विषय खरे म्हणजे न्हाणीघर, आणि त्यातही जुना टब काढून त्या जागी नवा बसविणे, हा आहे. पण त्या कामाचे मर्म न्हाणीघरापेक्षा तलावाच्या पाळीवर लवकर उमगते.

भंडारा-गोंदियाकडील कोहळी समाज तलाव बांधण्यात पिढ्यान् पिढ्या निष्णात मानला गेला. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. अशा तलावाची मुख्य अंगे तीन. पाणी अडविणारी मातीची पाळ हे पहिले. शेताला पाणी सोडण्याचे दार, ज्याला त्या भागात तुडूम म्हणतात, हे दुसरे. आणि जादा झालेले पाणी आपणहून निघून जावे म्हणून एका अंगाला ठेवलेला सांडवा, हे तिसरे. परक्या माणसाचे लक्ष पाळीकडे जाते, कारण ती उंच आणि लांबलचक असते. जाणत्याची नजर मात्र आधी सांडवा शोधते. मातीची पाळ पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सोसते; पण एकदा का पाणी तिच्या माथ्यावरून वाहू लागले, की ती घटकाभरात कापली जाते. म्हणून पाणी किती साठवायचे याच्या आधी ते जाणार कोठून याचा निर्णय करावा लागतो.

आता न्हाणीघरातील टब पाहा. पाळीच्या जागी त्याचे काठ आहेत, तुडुमाच्या जागी तळाचे बूच आहे, आणि सांडव्याच्या जागी वरच्या काठाखाली असलेले ते लहानसे जाळीदार भोक आहे. पुष्कळांना ते भोक शोभेचे वाटते! टब म्हणजे घरात बांधलेला तलावच होय. आणि हौसेने घरचे काम स्वतः करू पाहणारा गृहस्थ बहुधा फसतो तो याच ठिकाणी. बाजारात गेल्यावर तो तोट्यांची चकाकी पाहतो, गरम आणि थंड पाण्याच्या चाव्या फिरवून पाहतो. खालच्या नळीची चौकशी तो सर्वांत शेवटी करतो. अर्थात् त्याला हसण्याचे कारण नाही. मोठमोठ्या नगरांनीही तेच केलेले आहे, आणि त्याची किंमत मोजलेली आहे.

आपल्या भाषेने मात्र या बाबतीत मोठी समज दाखविली आहे. ‘मोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ सांडपाणी वाहून जाण्याची वाट. रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या बांधकामालाही आपण मोरीच म्हणतो. पण मराठी घरात आंघोळीच्या जागेचे नावही मोरी! पाणी तापविण्याच्या बंबावरून किंवा पाणी विसणण्याच्या घंगाळावरून त्या जागेला नाव पडले नाही, पाणी जाण्याच्या वाटेवरून पडले. यातला ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि ‘बादली’ही त्यांच्याचकडची, ‘टब’ मागाहून इंग्रजांबरोबर आला. भांड्यांची नावे परकी असली तरी आंघोळीची कल्पना आपली निराळीच राहिली. न्हाणे म्हणजे अंगावरून पाणी वाहणे, साठलेल्या पाण्यात बसून राहणे नव्हे, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की टबात बसलेला मराठी माणूससुद्धा शेवटी उठून दोन तांबे डोक्यावर ओतून घेतो.

साठलेल्या पाण्याचे स्नान आपल्या उपखंडात नव्हते, असे मात्र नाही. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सर्वांना ऐकून ठाऊक आहे. १९२० नंतरच्या दशकात त्या नगराचे उत्खनन झाले. काशिनाथ नारायण दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञांनीही तेथे काम केले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा जिप्समच्या चुन्यात घट्ट बसविलेल्या, मागे डांबराचा थर, म्हणजे गळती थांबविण्याचा पक्का बंदोबस्त. परंतु माझ्या मते त्या हौदाचे खरे वैभव त्याच्या निर्गमात आहे. पाणी काढून देण्यासाठी विटांच्या कमानीची अशी उंच मोरी बांधलेली आहे की तिच्यातून माणूस चालत जाऊ शकेल. आणि मोठ्या हौदाचे राहू द्या. त्या नगरातील साध्या घरांतही न्हाणीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती आहे, आणि त्या कोपऱ्यातून पाणी गल्लीतल्या झाकलेल्या गटाराला मिळते.

पुण्याचे उदाहरण याहून जवळचे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणले. ते पाणी हौदांतून लोकांना मिळे, आणि शनिवारवाड्यातही खेळे. या नळावर ठिकठिकाणी वर उघडणारी बांधीव तोंडे ठेवलेली होती. त्यांना नाव दिले होते ‘उच्छ्वास’. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे, आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येई. नळाला श्वास लागतो, हे ज्याने ओळखले त्या अनामिक कारागिराला मी मनोमन नमस्कार करतो. आजच्या न्हाणीघरातील सांडपाण्याच्या नळाला छपरापर्यंत उंच नेलेली जी उघडी नळी असते, ती या उच्छ्वासाचीच नात म्हणायची. तिचे काम काय, ते पुढे येईलच.

आता मुंबई. १८६० साली विहार तलावाचे पाणी लोखंडी नळांनी मुंबईत आले. त्याआधी हे शहर विहिरी आणि लहान तळ्यांवर तहान भागवीत होते, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी हाहाकार होई. विहारचा आनंद मोठा होता, यात शंका नाही. पण येणाऱ्या पाण्याबरोबर जाणाऱ्या पाण्याची सोय झाली नाही. पूर्वी माणूस विहिरीतून ओढून काढील तेवढेच पाणी सांडे. आता तोटी फिरविली की धार लागे, आणि ते सारे पाणी चाळींच्या मधल्या गल्ल्यांत, उघड्या गटारांत आणि समुद्रसपाटीला टेकलेल्या सखल जमिनीत मुरू लागले. जमीन ओली राहू लागली. गटारांच्या योजना पुष्कळ झाल्या, वादही पुष्कळ झाले, आणि काम मात्र रेंगाळत राहिले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांचेही पाणी येऊन मिळाले. आणि मग १८९६ साली प्लेग आला.

प्लेगचे मूळ गटारात आहे, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतून गटारे धुण्याचा सपाटा लावला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा ती समजूत खोटी ठरली. पण निदान चुकले म्हणून गटारांचा दोष नाहीसा होत नाही. त्या गटारांनी पटकी आणि हगवण पोसली होतीच. छत्तीस वर्षे शहराने नळाची तोटी उघडी ठेवली आणि मोरी तुंबलेली ठेवली, एवढाच याचा अर्थ.

त्याच काळात मुंबईच्या इमारतींतून एक लहानसे साधन रुळत गेले असावे, आणि त्याच्या नावात आपला मराठी शब्द आजही जिवंत आहे. फरशीतल्या मोरीच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारी जी वाटीसारखी रचना असते, तिला साऱ्या भारतातील बांधकामाच्या पुस्तकांत ‘नाहणी ट्रॅप’ म्हणतात. ही ‘नाहणी’ म्हणजे आपली न्हाणी. कानपूरचा किंवा मद्रासचा अभियंता तो शब्द उच्चारतो, तेव्हा आपण मराठी किंवा गुजराथी घरातल्या न्हाणीचे नाव घेत आहो, हे त्याच्या गावीही नसते! या युक्तीचे तत्त्व मात्र विलायतेतले. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकूपाच्या नळाला वाकण देऊन त्यात थोडे पाणी कायम अडकून राहील, अशी योजना केली. वापरलेले पाणी पुढे जाते, पण वाकणातले बोटभर पाणी मागे उरते, आणि गटारातली दुर्गंधी त्या पाण्याचा पडदा ओलांडू शकत नाही. इतकी साधी कल्पना, आणि तिच्याशिवाय घरात नळाची मोरी ठेवणे म्हणजे गटाराला दिवाणखान्यात बोलावणे. मात्र टबभर पाणी एकदम खाली धावले, की ते आपल्यामागे हवा ओढते, आणि त्या ओढीने वाकणातले पाणीही निघून जाऊ शकते. ते होऊ नये म्हणूनच ती छपरापर्यंत नेलेली नळी, तो उच्छ्वास.

लांजीतील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी बिडाचा, एनॅमल चढविलेला जुना टब होता. तळाचे एनॅमल उडून गंज धरला होता. निवृत्त शिक्षक, कोणतेही काम स्वतः केल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. आता टब स्वतःच बदलतो, म्हणाले. त्यांना मी जे सांगितले तेच येथे सांगतो. प्रथम छपरावरच्या टाकीची चावी बंद करावी आणि तोट्या उघडून नळ रिते करावेत. मग नवा टब विकत घेण्यापूर्वी जुन्याचे माप घ्यावे; लांबी-रुंदीइतकेच बुचाच्या भोकाचे स्थान महत्त्वाचे आहे, उजवीकडे की डावीकडे, आणि भिंतीपासून किती अंतरावर. टब हवा तो मिळतो, फरशीखालची नळी मात्र आपल्या सोयीने सरकत नाही. गंजलेल्या चाकीला आदल्या रात्री तेल घालून ठेवावे. बिडाचा टब सबंध उचलून नेण्याच्या भरीस पडू नये. त्यावर जुन्या गोधड्या टाकून, डोळ्यांना चष्मा लावून, घणाने त्याचे तुकडे करतात. शंभर किलोंहून जड वस्तूखाली बोट सापडण्यापेक्षा ते बरे.

टब माडीवर असेल तर आधी तुळयांचा विचार हवा. दीडशे लिटर पाण्याचे वजन दीडशे किलो. त्यात टब आणि माणूस मिळविला की भार तीनशे किलोंच्या घरात जातो. जुन्या लाकडी माडीला हे सोसेल की नाही, हे सुताराला विचारावे. नवा टब पाणसळीने तपासून सपाट बसवावा. उतार त्याच्या तळातच घडविलेला असतो. खालच्या सांडनळीला मात्र दर फुटाला पाव इंच उतार द्यावा, आणि वाकणात दोन इंच पाणी राहील असे पाहावे. नळांच्या आट्यांवर जुने कारागीर ताग गुंडाळून सफेदा लावीत. तो सफेदा बहुधा शिशाचा असे. रोमन लोकांचे नळही शिशाचेच होते, आणि शिशाच्या लॅटिन नावावरूनच ‘प्लंबर’ हा शब्द निघाला. शिशाचे नळ प्रकृतीला बरे नव्हेत, मातीचे चांगले, असे व्हिट्रूव्हियस या रोमन स्थपतीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. जगाने ते ऐकायला फार वेळ लावला. आता टेफ्लॉनची फीत मिळते, ती वापरावी.

खरी परीक्षा यानंतरची. भिंत आणि टब यांमधली फट बुजविण्यापूर्वी टब भरावा, कारण भरल्या वजनाने तो किंचित खाली बसतो. रिकामा असताना फट बुजविली तर ती पहिल्याच आंघोळीला उकलते. पाणी सांडव्याच्या भोकापर्यंत चढू द्यावे, त्यातून वाहू द्यावे, मग बूच काढावे आणि विजेरी घेऊन खालचा प्रत्येक सांधा बोटाने चाचपावा. कोरडा कागद सांध्याखाली धरला की एक थेंबही लपत नाही. हे झाल्यावाचून विटांनी किंवा फळीने खालची बाजू बंद करू नये, आणि बंद करतानाही हात जाईल एवढे दार ठेवावे. पुण्याच्या नळात माणूस उतरण्याची सोय होती, ती शोभेसाठी नव्हती.

आता एक प्रश्न उरतो, आणि लांजीसारख्या ठिकाणी तोच मोठा आहे. भुयारी गटार नसेल तेथे ते पाणी पुढे जाणार कोठे? दीडशे लिटर पाणी एकदम सुटते, आणि अंगणातली जुनी मोरी घागरभर पाण्यासाठी बांधलेली असते. आपल्या परसात मोरीच्या तोंडाशी केळी आणि अळू लावण्याची पद्धत होती, ती शहाणपणाचीच. परंतु केळीची दोन झाडे टबभर पाणी रोज पिऊ शकत नाहीत. त्यासाठी दगडगोटे भरलेला शोषखड्डा हवा, त्याच्या अलीकडे साबणाचा मळ अडविणारी लहान कुंडी हवी, आणि तो खड्डा विहिरीपासून दूर, पन्नासएक फुटांच्या पलीकडे आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घरोघर असे खड्डे घेऊन गल्लीतली उघडी गटारे मोडली, डास हटविले, आणि ती रीत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून इतर गावांनी उचलली. लांजीच्या आमच्या गुरुजींना मी खड्ड्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी टबाची खरेदी पंधरा दिवस पुढे ढकलली आणि आधी कुदळ विकत आणली.