महासाथ आणि समायोजन विकृती

आयुष्यातील ताणदायक घटनेशी किंवा बदलाशी जुळवून घेता न आल्यामुळे उद्भवणाऱ्या मानसिक विकृतीला समायोजन विकृती असे म्हणतात. नोकरी जाणे, स्थलांतर, आजारपण, कौटुंबिक कलह ही तिची नेहमीची कारणे होत. कोविड-१९ च्या महासाथीत अशी अनेक कारणे एकाच वेळी व दीर्घकाळ टिकून राहिली.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले. भारतात २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. संसर्गाची भीती, विलगीकरण, बुडालेला रोजगार आणि लांबलेल्या परीक्षा यांमुळे दैनंदिन जीवनाची घडी विस्कटली. अंत्यविधीस २० व्यक्तींचीच मर्यादा असल्याने अनेकांना आप्तांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. महाराष्ट्रात त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. दुःखात आधार देणारे सामूहिक जीवनच असे खंडित झाले. संघटनेच्या अहवालानुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

लक्षणे

ताणाच्या कारणाविषयी सतत विचार येणे, उदासी, चिडचिड, निद्रानाश, एकाग्रता कमी होणे आणि कामात किंवा नातेसंबंधांत अडथळे येणे ही प्रमुख लक्षणे होत. मुलांमध्ये हट्टीपणा, अंथरूण ओले करणे यांसारखे बदल दिसू शकतात.

निदान

अमेरिकी निदानपद्धतीनुसार (डीएसएम-५) ताणदायक घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लक्षणे सुरू होतात आणि ताण संपल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ टिकत नाहीत. मात्र महासाथीत ताणाचे कारणच दीर्घकाळ कायम राहिल्याने लक्षणेही लांबू शकतात. संकटकाळी वाटणारी स्वाभाविक भीती किंवा शोक म्हणजे विकृती नव्हे. तसेच तीव्र नैराश्याचे निकष पूर्ण होत असल्यास हे निदान केले जात नाही.

उपचार

समुपदेशन व मानसोपचार हे मुख्य उपचार असून औषधे गरजेपुरतीच दिली जातात. नियमित दिनक्रम, पुरेशी झोप, व्यायाम, आप्तांशी संवाद आणि बातम्यांचे मर्यादित सेवन यांचा उपयोग होतो. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने मदत घेणे आवश्यक असते. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.